मालवणात हॉटेल स्टाफचं ट्रेनिंग करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, संस्थेचं नाव लिहिणार नाहीये. अशा ट्रेनिंगवाल्या चार-पाच जणांची माहितीपत्रकं आमच्याकडे आली होती आणि सगळ्यांत मजकूर जवळजवळ तोच, 'लीडरशिप', 'टीम बिल्डिंग', 'गेस्ट डिलाइट', वर टाय लावलेल्या माणसांचे हसरे फोटो. त्यामुळे तुम्ही कोणालाही बोलवा, मिळणारा माल साधारण हाच असणार असं धरून चाला, आणि त्यातलं आपल्याकडच्या हॉटेलांना काय लागू पडतं आणि काय शुद्ध टाइमपास आहे एवढंच मी लिहितेय. पैशांचं म्हणाल तर दोन दिवस शिकवायला आलेल्या सरांचं राहणं-जेवण धरून सीझनमधल्या एका बऱ्या रविवारचा गल्ला गेला. म्हणजे अगदीच चिल्लर नाही.

आमचं हॉटेल मालवण-तारकर्ली रस्त्यावर. सासऱ्यांनी खानावळ म्हणून काढलेलं, मग हॉल वाढवला, मग बाहेर पत्र्याखाली टेबलं लागली, आता मे महिन्यात आणि ख्रिसमसला दुपारी बाहेर रांग असते आणि जुलैत आम्ही माशा मारत बसतो. किचनमध्ये काकी, त्यांच्या हाताखाली गावातल्या दोघी, तव्यावर ओडिशाचा एक मुलगा, मोरीवर एक, सर्व्हिसला तिघं नेपाळचे आणि दोन इथलेच पोरगे. गल्ल्यावर भावोजी म्हणजे माझा धाकटा दीर, आणि हॉल माझ्याकडे. अशी साधारण सगळ्यांचीच हॉटेलं आहेत या पट्ट्यात, कुठे काकींच्या जागी सासूबाई असतील एवढंच.

बोलावणार असाल तर पहिला प्रश्न कधी बोलावायचं. सरांचं म्हणणं जूनमध्ये करू, तुमचा ऑफ सीझन असतो ना. असतो, पण जूनमध्ये नेपाळची पोरं गावाला गेलेली असतात, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताटात घालायला धड मासा नसतो, मग शिकवणार कोणाला आणि कशावर? ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती. गणपतीत मालवणी माणूस कामावर थांबेल अशी अपेक्षा ज्याने करायची त्याने करावी. म्हणून गणपती झाल्यावर आणि दिवाळीच्या आधी जी फट मिळते तीच खरी वेळ, स्टाफ परत आलेला असतो, बोटी चालू असतात, गर्दी अजून यायची असते. आम्ही तेव्हाच ठेवलं आणि हा एक निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

पहिला दिवस सगळ्या स्टाफसाठी होता आणि तो मी सरळ वाया गेला म्हणेन. हॉलमध्ये पडदा लावला, प्रोजेक्टर, स्लाइडवर स्लाइड. नेतृत्वाचे प्रकार, हुकूमशाही, लोकशाही, अजून कसले कसले, मग एक पिरॅमिड, मग एक पंचतारांकित हॉटेलचा व्हिडिओ ज्यात एक माणूस पांढरे हातमोजे घालून काट्याचमच्यांमधलं अंतर मोजतोय. आमच्याकडे लोक हाताने वडे फाडून कोंबडीच्या रश्श्यात बुडवतात हो. भाषा अर्धी हिंदी अर्धी इंग्लिश, काकी दहाव्या मिनिटाला उठून गेल्या, 'माझा वाटप रवला हा' म्हणून (वाटप म्हणजे खोबरं-कांदा भाजून वाटलेला मसाला), आणि परत आल्याच नाहीत. त्यांचं काहीही चुकलं नाही असं माझं मत आहे.

स्वागताचं वाक्य हा तर विनोदच. प्रत्येक गिऱ्हाईक आत आलं की हात जोडून, किंचित वाकून, हॉटेलचं नाव घेऊन 'मध्ये आपलं मनःपूर्वक स्वागत आहे' म्हणायचं. पोरांनी पाठ केलं बिचाऱ्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी एक रापणकर आजोबा (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), जे वर्षानुवर्षं आमच्याकडे चहाला येतात, ते पायरीवर चढले आणि आमच्या पोराने त्यांना वाकून ते सगळं म्हणून दाखवलं. आजोबा जागच्या जागी थांबले, आत डोकावले, म्हणाले, 'काय रे, लगीन बिगीन आसा काय हय?' तिथेच ते वाक्य संपलं. पर्यटकांना चालेल कदाचित, पण आपल्याकडे पर्यटकालासुद्धा 'येवा, बसा' ऐकायला जास्त बरं वाटतं, मुंबईहून सात-आठशे रुपयांची थाळी खायला येणारा माणूस घरगुतीपणाचेच पैसे देत असतो ना.

सर शाकाहारी निघाले हे पण सांगायला हवं. मासळीच्या हॉटेलात सर्व्हिस शिकवायला आलेला माणूस डाळभात आणि बटाट्याची भाजी खातोय आणि पोरांना सांगतोय की डिशचं वर्णन असं करा की गेस्टच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. बुकिंग करताना विचारून घ्या, हसू नका.

आता दुसरा दिवस. हा चालू हॉटेलात होता, शनिवार, दुपारची जेवणं. आणि इथे मला मान्य करायला हवं की माणसाला काम येत होतं. पडदा नाही, स्लाइड नाही, सर फक्त किचनच्या खिडकीपाशी वही घेऊन उभे राहिले, जिथून ताटं बाहेर येतात तिथे. साडेबारा ते तीन, कोणाशी बोलले नाहीत. कुठली चिठ्ठी किती वाजता आत गेली, ताट किती वाजता बाहेर आलं, मधे कोण काय ओरडलं, एवढंच लिहीत होते. मी म्हटलं, बघूया काय दिवे लावतात.

संध्याकाळी वही उघडून त्यांनी जे सांगितलं ते ऐकून भावोजींचं पण तोंड बंद झालं. आम्हाला सगळ्यांना वाटायचं की पोरं स्लो आहेत. वहीत पोरांचा काही दोषच नव्हता. घोळ होता तव्यावर. आमच्या मोठ्या तव्यावर सुरमईच्या तुकड्या एका वेळी सहा बसतात, फार तर सात, आणि रव्यात घोळवलेली तुकडी नीट कुरकुरीत व्हायला तिला तिचा वेळ द्यावाच लागतो, जाळ वाढवला की वरून काळी आणि आत कच्ची. आणि बाहेर आम्ही काय करत होतो, तर एकाच वेळी तीन टेबलं बसवत होतो, तिघं पोरं तीन चिठ्ठ्या एकदम आत टाकत होती, अकरा सुरमई थाळ्या, चार पापलेट, वर कोणाला तरी बोंबील फ्राय, आणि मग तिघंही खिडकीत उभी राहून एकाच वेळी तव्यावरच्या मुलावर ओरडत होती. तो बिचारा जो जास्त जोरात ओरडेल त्याचं आधी देणार. त्यामुळे चार नंबर टेबल जे आधी आलं होतं त्यांना शेवटी मिळालं, कारण त्यांचा पोरगा मवाळ आहे.

सरांनी तेव्हा त्या फ्रेंच शेफची गोष्ट सांगितली, ऑगस्त एस्कॉफिए, 1846 ते 1935. हा माणूस 1870 च्या युद्धात फ्रेंच फौजेचा आचारी होता आणि नंतर 1890 मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात गेला, तिथे त्याने किचनची फौजेसारखी विभागणी केली, एक जण फक्त सॉसवाला, एक भाजणारा, एक मासे बघणारा, आणि चिठ्ठी वाचून हुकूम देणारा एकच. हे सगळं पहिल्या दिवशी स्लाइडवर पण होतं आणि तेव्हा कोणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. आमच्याकडे विभागणी पहिल्यापासून आहेच की, रस्से काकींचे, तवा त्या मुलाचा, वडे-भाकरी दोघी बायकांच्या, मासे साफ करणारा वेगळा. नव्हता तो फक्त वाचून सांगणारा एक आवाज.

तर उपाय असा की खिडकीपाशी एकच माणूस. चिठ्ठी त्याच्याकडे द्यायची, तो मोठ्याने वाचणार, 'चार नंबर, तीन सुरमई थाळी, एक तिसऱ्या' (तिसऱ्या म्हणजे शिंपल्या), आतून ज्याचं काम त्याने 'हो' म्हणायचं, तेवढंच, आणि बाकी कोणी खिडकीत तोंड घालायचं नाही. तव्यावर सहा तुकड्या चालू असतील आणि अजून सुरमईची चिठ्ठी आली की तो बाहेर मला हाताने खूण करतो, आणि मी नवीन टेबलाला सांगते, सुरमईला वीस-पंचवीस मिनिटं लागतील, तोवर सोलकढी आणू का, नाहीतर बांगड्याचं तिखलं आत्ता तयार आहे. लोक चिडत नाहीत हो! वेळ सांगितली की कोणी चिडत नाही, चिडतात ते 'दोन मिंटात येतंय' ऐकून अर्धा तास बसल्यावर. आता खिडकीत तो मवाळ पोरगाच उभा असतो, त्याचा आवाज मोठा नाही पण डोकं शांत आहे आणि चिठ्ठ्यांचा क्रम तो विसरत नाही. सरांनी निवडला त्याला, मी निवडला नसता, मी त्या मोठ्या आवाजवाल्याला उभा केला असता. मॅनेजरगिरी म्हणजे काय याचं याहून चांगलं उत्तर मला त्या दोन दिवसांत मिळालं नाही. आपला तवा किती घेतो हे ज्याला माहीत आहे आणि त्याप्रमाणे जो बाहेरची गर्दी धरून ठेवतो तो मॅनेजर, मग पगारपत्रकावर त्याच्या नावापुढे काहीही लिहिलेलं असो.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे बारा वाजायच्या आधीची दहा मिनिटं. सगळ्यांनी उभं राहायचं, काकींनी पण, आणि आज काय आहे ते सांगायचं. बंदरावरच्या लिलावात काय मिळालं, कुठला मासा किती, कुठल्याचा आज काय रेट, काय संपत आलंय. यात आम्ही आमची भर घातली ती अशी की मासा परातीत घालून दाखवतो. कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त भांडणं बिलावर होतात आणि त्यातली निम्मी त्या 'साइजप्रमाणे' नावाच्या भानगडीमुळे. मेनूवर पापलेटपुढे रेट नाही, नुसतं साइजप्रमाणे, गिऱ्हाईक बिनधास्त खातं, बिल आलं की डोळे पांढरे. आता पोरगा कच्चा मासा ताटलीत घेऊन टेबलावर जातो, हा एवढ्याचा, हा एवढ्याचा, कुठला करू? हो म्हटलं की चिठ्ठीवर रेट लिहून मगच आत. बिलावरची कटकट जवळजवळ थांबली. यासाठी पुण्याहून माणूस कशाला बोलवायला पाहिजे असं कोणी म्हणेल, बरोबर आहे, पण घरातल्या माणसाने सांगितलेलं घरात कोण ऐकतं?

इथे एका बाबतीत माझं सरांशी जमलं नाही. त्यांचं तत्त्व, गेस्टला 'नाही' म्हणायचं नाही, कधीच नाही. मी म्हटलं सर, जुलैत कोणी सुरमई मागितली तर माझा पोरगा सांगणारच की दादा, आत्ता बोटी बंद आहेत, ही बर्फातली आहे, त्यापेक्षा खाडीतलं काहीतरी खा नाहीतर चिकन घ्या. ते म्हणाले 'बर्फातली' शब्द वापरू नका, पॉझिटिव्ह बोला. का म्हणून? ज्याला मासा कळतो त्याला पहिल्या घासाला कळणार आहे, आणि ज्याला कळत नाही त्याला फसवण्यात काय मोठं शौर्य. उलट खरं सांगितलं की माणूस ऑक्टोबरात परत येतो. या मुद्द्यावर मी माझ्या पोरांना सरांच्या विरुद्ध शिकवलंय आणि तसंच चालू ठेवणार.

आता भावोजींचा किस्सा. तो लिहू की नको असं चाललं होतं पण त्यांनीच म्हटलं लिही. भावोजींना गल्ल्यावरून ओरडायची सवय. पेला फुटला, की अख्ख्या हॉलसमोर, 'पगारातून कापतलंय तुझ्या, बापाचा हॉटेल समाजलंस?' पोरगा खाली मान घालतो, टेबलावरची माणसं घास हातात धरून बघतात, जेवणाची चव गेलीच. सरांनी चुका चारचौघांत काढायच्या नाहीत वगैरे स्लाइडवर सांगितलं होतं तेव्हा भावोजी मोबाईल बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्यांनी एक खेळ लावला, भावोजींच्या हातात ट्रे दिला आणि सर्व्हिसच्या सगळ्यात लहान पोराला गल्ल्यावर बसवलं. पोरगा आधी लाजला. मग सर म्हणाले, अरे मालक कसे बोलतात तसं बोल ना. आणि त्याने जे सुरू केलं! तोच आवाज, तीच मान वाकडी करायची पद्धत, तो कॅल्क्युलेटर आपटणं, 'कापतलंय' मधला तो हेल, नेपाळच्या पोराच्या तोंडून अस्सल मालवणी. किचनमधून काकी पदर तोंडाला लावून बाहेर आल्या. सगळे पोट धरून हसले, भावोजी मात्र लालबुंद, ट्रे ठेवून मागे विहिरीकडे निघून गेले, मला वाटलं आता सरांची फी बुडाली. अर्ध्या तासाने आले आणि त्या पोराला म्हणाले, 'माका असो कॅल्क्युलेटर आपटूची सवय आसा?' तो म्हणाला हो. त्यानंतर ओरडणं पूर्ण बंद झालं असं खोटं मी सांगणार नाही, पण आता उठून मागे नेऊन ओरडतात, आणि पेल्याचे पैसे कापणं बंद केलंय. उगाच पंधरा-वीस रुपयांच्या काचेपायी पोरगा सीझनच्या मध्यात समोरच्या हॉटेलात जातो आणि मग आपण त्याने घेतलेल्या उचलीच्या नावाने बोंबलत बसतो, हे गणित त्यांना आता पटलंय.

मग तो भिंतीवरचा तक्ता. साधा कागद, उभ्या बाजूला माणसांची नावं, आडव्या बाजूला कामं, तवा, वडे, रस्सा, वाटप, मासे साफ करणं, बिलिंग, टेबल, मोरी, आणि ज्याला जे येतं तिथे खूण. कागद भरला आणि दिसलं की वाटपाच्या खाली फक्त एकच खूण आहे, काकींची. म्हणजे काकी चार दिवस आजारी पडल्या तर हॉटेलला कुलूप. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही पण कागदावर दिसलं की जरा पोटात गोळा येतो. सर म्हणाले सोपं आहे, रेसिपी कार्ड करा, खोबरं इतके ग्रॅम, धणे इतके, मिरच्या इतक्या, वजनकाटा आणला पण त्यांनी. काकींनी काट्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'माझा वाटप मी कोणाक देवचंय नाय.' विषय संपला. सर एक तास समजावत होते, टीमवर्क, शेअरिंग. काकी कांदा चिरत होत्या.

हे सरांना कळलं नाही आणि कळणार पण नव्हतं, की त्या वाटपावर काकींची इज्जत आहे आणि खरं सांगायचं तर नोकरी पण त्याच्यावरच आहे, ते कार्डावर लिहून भिंतीला लावलं तर उद्या त्यांना कोण विचारतंय अशी भीती माणसाला वाटणारच. मी आठ-पंधरा दिवसांनी वेगळ्या वाटेने गेले. काकींचा पगार वाढवला, आणि म्हटलं काकी तुम्ही कार्ड नका देऊ, पण तुमच्या भाचीला हाताखाली घ्या, तिला शिकवा, घरातच राहील. आता भाची खोबरं भाजते, कांदा भाजते, धण्या-मिरच्यांचं प्रमाण तिला कळलंय, तक्त्यावर दुसरी खूण अर्धी झालीय. बांगड्याच्या कढीत तिरफळं मात्र अजून काकीच टाकतात, पाठ करून उभ्या राहून, किती ते कोणाला दिसत नाही.

स्वच्छतेचा भाग. इथे पैसे भरायच्या आधी नीट विचारा. सरांनी शेवटी सगळ्यांना सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट दिलं, फोटो काढले, पोरं खूश. पण तपासणीला कोणी आलं तर ते सर्टिफिकेट कामाचं नाही. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचं, स्वतःचं फॉस्टॅक नावाचं ट्रेनिंग आहे, आणि त्यांचा नियम असा की खाद्यपदार्थ हाताळणाऱ्या पंचवीस माणसांमागे निदान एक ट्रेनिंग झालेला सुपरवायझर पाहिजे. ते वेगळं करावं लागतं. या दोन गोष्टी एकच आहेत असं भासवून कोणी पैसे मागत असेल तर सावध राहा, आमच्या सरांनी तसं भासवलं नाही पण आपणहून सांगितलं पण नाही.

शिकवलं ते मात्र ठीक होतं. 5 ते 60 डिग्रीच्या मधे अन्न ठेवायचं नाही, म्हणजे एकतर थंडगार नाहीतर कडकडीत गरम, फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवायचा आणि रोज वहीत लिहायचं. आपल्याकडे पावसात लाईट जाते तेव्हा हे फार महत्त्वाचं आहे, नुसता फ्रीज आहे म्हणून भागत नाही. बांगड्याचा विषय मीच काढला. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) असले मासे पकडल्यावर गरमीत राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि एकदा झालं की कितीही तळा, कितीही उकळा, ते जात नाही, खाल्लं की तोंड लाल, अंगावर पित्त, डोकं दुखणं. मासा नासलाय हे वासाने कळेलच असंही नाही. म्हणून बर्फ बंदरावरूनच लागतो, किचनमध्ये आल्यावर नव्हे. सरांच्या स्लाइडमध्ये हे नव्हतं, सगळी उदाहरणं चिकनची आणि मेयोनीजची. मासळीच्या हॉटेलला जाताना निदान एवढी तयारी हवी ना! काकींनी मात्र लगेच मान हलवली, 'उन्हात ऱ्हवलेलो बांगडो खाल्लो की पित्त उठता, ह्या माझी आजी सांगी.' घ्या.

बायकांच्या सुरक्षेवर एक स्लाइड, अर्ध्या मिनिटात पुढे सरकली. मला हे बिलकुल आवडलं नाही. आमच्या किचनमध्ये बायका आहेत, रात्री अकराला काम आवरतं, त्या घरी कशा जातात, हॉलमध्ये बसलेला एखादा टोळका पिऊन काही बोलला तर कोणाला सांगायचं, याच्यावर मॅनेजरला शिकवायला नको? कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तक्रार समिती करावीच लागते, आणि तिची अध्यक्ष बाईच लागते. मी विचारल्यावर सरांनी पोस्टर पाठवतो म्हटलं. पोस्टर आलं, इंग्लिशमध्ये. कामाचे तास, आठवड्याची सुट्टी याबद्दल तर चकार शब्द नाही, बहुतेक मालक लोक पैसे देतात म्हणून तो विषय कोणी काढत नसेल.

टिपचं त्यांनी चांगलं करून दिलं. पूर्वी ज्याचं टेबल त्याची टिप, त्यामुळे मुंबई पासिंगची मोठी गाडी दिसली की दोघं पोरं धावायची आणि गावातलं माणूस आलं की कोणाचं लक्षच नाही. आता एक डबा, रविवारी रात्री सगळ्यांसमोर उघडायचा, किचन आणि मोरी धरून वाटणी. मोरीवरच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा टिप मिळाली, तो नोटा दोनदा मोजत होता. बिलात सर्व्हिस चार्ज आम्ही लावतच नव्हतो, आणि जे लावतात त्यांना एवढंच सांगते की ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तो आपोआप बिलात टाकायला मनाई केलीय आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलंय, त्यामुळे डबाच बरा.

फॉलोअप म्हणून जे काही सांगितलं होतं, दर महिन्याला फोन, प्रगतीचा आढावा, त्यातला एक फोन आला. व्हॉट्सअॅप ग्रुप केला होता, त्यावर आता सूर्योदयाचे फोटो आणि यशाचे मंत्र येतात, भावोजी सोडून सगळे बाहेर पडलेत, भावोजींना म्हणे ते आवडतात.

पाचपैकी साडेतीन स्टार देते, त्यातले तीन एकट्या शनिवारचे. नवीन हॉटेल काढलं असेल, स्टाफ अजून जमला नसेल तर आत्ता बोलावू नका, एक सीझन जाऊ दे, कारण वहीत लिहायला काहीतरी घोळ तर झाला पाहिजे. होमस्टे चालवणाऱ्या आणि घरातलीच चार माणसं असलेल्यांनी पण या भानगडीत पडू नये. ज्यांच्याकडे आठ-दहा माणसांच्या वर स्टाफ आहे आणि गर्दीच्या वेळी किचन आणि हॉलची मारामारी होते त्यांनी जरूर बोलवा, पण फोनवरच ठरवून घ्या की स्लाइडवाला दिवस नको, चालू सर्व्हिसचा दिवस द्या, मराठीत बोलणारा माणूस द्या. आधी ते नाही म्हणतात, पॅकेज आहे म्हणतात. जरा ताणून धरलं की तयार होतात, आम्हाला पुढच्या वर्षीसाठी नुसता शनिवार निम्म्याहून थोड्या जास्त पैशांत दिलाय. अॅडव्हान्स भावोजींनी दिला.